खापरपणजोबांचा मौजा कोणता?

नमस्कार श्रोतेहो,

नागपुरातल्या कोणत्याही जुन्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात सकाळी थोडा वेळ बसून पाहिले, तर वर्तमानपत्रे चाळणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मंडळींखेरीज आणखी एक वाचक हमखास दिसतो. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते, पिशवीत घड्यांवर चिरत चाललेले दोन-चार कागद असतात, आणि टेबलाशी आल्यावर त्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की आमच्या घराण्याचा इतिहास कोणत्या पुस्तकात मिळेल? या वाचकाला वाचनालयातून नेमकी कोणती मदत मिळू शकते आणि ती मिळावी म्हणून त्याने काय तयारी करून यावे, याविषयी आज बोलायचे आहे.

प्रत्येकाच्या येण्यामागचे कारण वेगळे असते. कोणाला वडिलोपार्जित जमिनीचे वाटप करायचे असते, कोणाची परदेशी असलेली नात आपल्या घराण्याचा तक्ता मागत असते. पण खरे सांगायचे तर आपल्याकडे या शोधाची सुरुवात बहुतेक वेळा जात पडताळणीच्या अर्जापासून होते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो शोधता शोधता ज्यांना आजोबांच्या पलीकडे एकही नाव ठाऊक नव्हते, अशी माणसे चार-पाच पिढ्या मागे जाऊन पोहोचतात. कामापुरता कागद हाती आल्यावरही त्यांतले कित्येक जण थांबत नाहीत, हे मी पाहिले आहे.

वाचनालयाकडून अपेक्षा काय ठेवावी, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. वाचनालय कोणाचीही वंशावळ तयार करून देत नाही, आणि आम्हा वाचनालयातल्या लोकांच्या शिक्क्याला कचेरीत पुरावा म्हणून काही किंमतही नाही. आम्ही मूळचे कुठले, असा पसरट प्रश्न घेऊन आलेल्या वाचकाला कोणते गाव, कोणता काळ आणि कोणत्या कचेरीतला कागद, इथपर्यंत आणून सोडणे हे संदर्भ विभागाचे काम आहे. या तीन गोष्टींपैकी गाव सर्वांत आधी ठरले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. लोक मात्र आडनाव धरून बसतात. एकच आडनाव चार निरनिराळ्या जातींत आणि दहा निरनिराळ्या गावांत आढळते. शिवाय शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदांत पुष्कळदा आडनाव लिहिलेलेच नसते. तिथे 'गणपत वल्द तुकाराम', म्हणजे तुकारामाचा मुलगा गणपत, एवढेच असते, त्यापुढे जात आणि त्यापुढे मौजा, म्हणजे महसुली गाव. गणपत आणि तुकाराम प्रत्येक गावात सापडतील. आपला गणपत कोणता, हे त्या मौजाच्या नावावरूनच ठरते.

गाव तर आम्हांला माहीतच आहे, असे अनेकांना वाटते, पण चौकशी केली की घोटाळा सुरू होतो. पिंपळगाव, सोनेगाव, खापरी ही नावे विदर्भात जागोजागी आहेत. काही गावे उठून गेली आणि आता महसुली दप्तरात नावापुढे 'रिठी' लावून उरली आहेत. तिथे वस्ती नाही, पण शेते आहेत आणि खसरा नंबर, म्हणजे शेतांचे क्रमांकही आहेत. त्यातच जिल्ह्यांच्या हद्दी वेळोवेळी बदललेल्या. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा झाला. जुन्या कागदात 'जिल्हा चांदा' असेल, तर आजचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात असेल किंवा १९८२ साली निर्माण झालेल्या गडचिरोलीत असेल. 'जिल्हा भंडारा' असेल, तर १९९९ नंतर ते गोंदियात गेलेले असू शकते. सर्वांत जास्त पंचाईत सौंसर आणि पांढुर्ण्याकडच्या मराठी कुटुंबांची होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा, बालाघाट, शिवनी हे जिल्हे मध्य प्रदेशातच राहिले. सोयरिकी मात्र आजही काटोल-सावनेरला होतात, बाजारहाट आणि दवाखाना नागपुरात होतो, आणि म्हणून ही माणसे आपल्या पणजोबांचा कागद नागपूरच्या कचेऱ्यांत शोधत राहतात. तो असतो छिंदवाड्याच्या अभिलेख कक्षात.

गाव निश्चित करण्यासाठी वाचनालयात एक साधे, दुर्लक्षित साधन असते, ते म्हणजे जिल्हा जनगणना पुस्तिका. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांच्या वेळी प्रत्येक जिल्ह्याची अशी पुस्तिका छापली गेली आणि तीत तहसीलवार गावांची यादी आहे. इथे एक गैरसमज दूर करते. काही पाश्चात्त्य देशांत जुन्या जनगणनेच्या याद्या माणसांच्या नावांसह पाहायला मिळतात, म्हणून आपल्याकडेही तशा मिळतील असे वाचकांना वाटते. आपल्या जनगणनेत घरोघरी भरून घेतलेली माहिती १९४८ च्या कायद्याने गोपनीय आहे आणि ती कोणालाही पाहता येत नाही. जनगणनेतून गाव कळेल, माणूस कळणार नाही.

गाव कसे ठरते याचे एक उदाहरण सांगते. एक गृहस्थ सारा भरल्याची जुनी पावती घेऊन आले होते. कागद पिवळा पडून कडा झडलेल्या, शाई तपकिरी झालेली, आणि तहसिलीचे नाव जिथे असायला हवे नेमकी तिथेच वाळवीने खाल्लेली जागा. 'मौजा पिंपळगाव' एवढे वाचता येत होते. भिंग लावून पाहिले तेव्हा कोपऱ्यात बंदोबस्त नंबराचे, म्हणजे जमिनीच्या सरकारी मोजणी-आकारणीत गावाला दिलेल्या क्रमांकाचे, दोन आकडे दिसले. तिसरा गेलेला होता. मग मी त्यांना विचारले, की तुमचे आबाजी आठवड्याचा बाजार कुठे करायचे? ते लगेच म्हणाले, "मोवाडला. बैलबंडीनं जायचे." तेवढ्यावर शोध तेव्हाच्या काटोल तहसिलीत, म्हणजे आजच्या नरखेडच्या बाजूला, आणून ठेवता आला आणि उरलेल्या दोन आकड्यांनी पुढचे काम केले. वर्धा नदीच्या १९९१ च्या पुराने मोवाडची जी दैना केली ती आपल्याला आठवत असेल; त्या भागातल्या अनेक घरांतले जुने कागद त्या पुरात गेले, आणि अशा वेळी बाजाराच्या गावासारखी तोंडी माहितीच कामी येते.

म्हणून वाचनालयात येण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून यावे, आणि तेही योग्य प्रश्न विचारून. पणजोबांचे नाव काय होते, असे विचारले की म्हातारी माणसे गोंधळतात, कारण त्या पिढीला सगळे टोपणनावानेच ओळखत. त्यापेक्षा बाजार कुठला, कुलदैवत कोणते आणि नवस फेडायला कुठे जात, अस्थी रामटेकच्या अंबाळ्यावर नेल्या की आणखी कुठे, शेताशेजारी कोणाचे शेत होते, असे विचारावे. घरातल्या आत्याबाईंना तर अवश्य विचारावे. कोणाची सोयरीक कुठे झाली आणि कोणाशी बोलणे तुटले, हे त्यांना पुरुषांपेक्षा कितीतरी नीट आठवत असते.

गाव कळले, की ते कोणत्या राजवटीत होते हे पाहावे लागते, कारण कागदाचा प्रकार त्यावर ठरतो. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला. त्यानंतरच्या बंदोबस्तात गावोगावच्या मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्यांना, मालकी हक्क मिळाले, आणि ही पद्धत ३१ मार्च १९५१ रोजी संपेपर्यंत नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागातल्या जमिनीच्या कागदांत मालगुजार, सीर, खुदकास्त, मालिक मकबुजा हे जमिनीच्या हक्काचे शब्द भेटत राहतात. वऱ्हाडाचे तसे नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हा मुलूख निजामाकडून १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात आला, तिथे रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारात भरे, आणि १९०३ पर्यंत त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत, म्हणजे तिथल्या इंग्रज प्रतिनिधीमार्फत, चाले. नागपूरकडच्या कागदात खसरा नंबर, तर वऱ्हाडच्या कागदात सर्व्हे नंबर. आपले घराणे कोणत्या बाजूचे, हे ठाऊक नसताना केवळ कागदाच्या भाषेवरून ते ओळखता आल्याची उदाहरणे आहेत.

ही पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी जी पुस्तके लागतात, ती वाचनालयात मिळतात. रसेल यांनी संपादित केलेले १९०८ चे नागपूर जिल्ह्याचे गॅझेटिअर, महाराष्ट्र शासनाने १९६६ साली प्रसिद्ध केलेले त्याचे नवे रूप, यादव माधव काळे यांचे नागपूर प्रांताच्या आणि वऱ्हाडच्या इतिहासाचे ग्रंथ ही त्यांतली पहिली. यांत आपल्या पणजोबांचे नाव सापडेल, ही आशा मालगुजार आणि सरदार घराण्यांनीच धरावी. बाकीच्यांनी गावाचा, दुष्काळाचा आणि रस्त्या-रेल्वेचा काळ जुळवण्यासाठी ती वाचावीत. मुंबईकडची रेल्वे नागपुरात १८६७ साली आली आणि एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आपले घराणे गाव सोडून शहरात का आले, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ नागपूरकरांना या दोन घटनांच्या आसपास शोधावे लागते. सीताबर्डीवरचे राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय, विदर्भ साहित्य संघाचे ग्रंथालय, शासकीय विभागीय ग्रंथालय आणि विद्यापीठाचे ग्रंथालय यांचे संग्रह एकमेकांपासून वेगळे आहेत. एका ठिकाणी पुस्तक नसले, तर ते दुसरीकडे असेल का, हे तिथल्याच ग्रंथपालांना विचारावे. ही विचारपूस त्यांच्या कामाचाच भाग आहे. आता गॅझेटिअर महाजालावरही वाचता येतात, पण इंग्रजीत गावाचे नाव कोणत्या स्पेलिंगने लिहिले आहे हे कळत नसेल, तर तिथेही ग्रंथपालाची मदत लागते.

मूळ कागद मात्र वाचनालयात नसतात आणि त्यांसाठी कचेरीतच जावे लागते. तहसिलीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, बंदोबस्ताच्या मिसली, म्हणजे फायली, आणि १९५४-५५ च्या सुमाराचे अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या नोंदी. शहरातल्या घरासाठी नगर भूमापन कार्यालयात आखीव पत्रिका, म्हणजे त्या जागेच्या मालकीचा उतारा. शाळेत दाखल खारीज रजिस्टर, म्हणजे मुलांची नावे दाखल केल्याची आणि काढल्याची वही. आणि इंग्रजी राजवटीतल्या वरिष्ठ कचेऱ्यांच्या दप्तरासाठी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे विदर्भ अभिलेखागार. यांपैकी दोन कागदांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ते हाती येऊनही वाचता न आल्यामुळे लोक निराश होऊन परततात.

पहिला कोतवाल बुकाचा. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर देई आणि ती नोंद या वहीत होत असे. जन्माच्या नोंदीत तारीख असते, बापाचे नाव असते, जात असते आणि मुलगा की मुलगी एवढे असते. बाळाचे नाव बहुधा नसते, कारण नोंद बारशाच्या आधीची असते. आपल्या आजोबांचे नाव शोधत गेलेला माणूस पान उलटून पुढे जातो आणि त्याच पानावर आजोबा 'मुलगा' म्हणून लिहिलेले असतात. त्यामुळे इथे शोध बापाच्या नावाने घ्यावा, आणि भावंडांच्या जन्मांचा क्रम आधी घरून लिहून न्यावा. तोच क्रम वहीत जुळला, की ओळख पक्की होते.

दुसरा दाखल खारीज रजिस्टरचा. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, पालकाचे नाव, जात, राहण्याचे ठिकाण, जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याची आणि नाव काढल्याची तारीख, आणि शेवटी नाव काढण्याचे कारण, असे त्याचे रकाने असतात. जन्मतारखेवर फार विसंबू नये. जून-जुलैच्या कितीतरी तारखा गुरुजींनी शाळा उघडायच्या बेताने लावून दिलेल्या आहेत. शेवटच्या रकान्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही, आणि खरी माहिती तिथे असते. 'परगावी गेला', 'बाप मयत', 'गैरहजर' असे दोन-तीन शब्द तिथे असतात, आणि कुटुंबाने गाव केव्हा सोडले याचा दुसरा कोणताही लेखी पुरावा उरलेला नसतो. जातीच्या रकान्यासंबंधीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपूर आणि परिसरातल्या असंख्य कुटुंबांच्या नोंदी बदलल्या. थोरल्या भावाच्या नावापुढे एक नोंद आणि धाकट्याच्या नावापुढे 'बौद्ध', असे एकाच घरात आढळते. अशी दोन पाने समोर आली, की ती दोन निराळी घरे असे समजून एक सोडून देऊ नये. बापाचे नाव आणि ठिकाण ताडून पाहावे.

या शोधात सर्वांत अवघड जाते ती घरातल्या बायकांची नावे. जमिनीच्या कागदात स्त्री आली तर 'जौजे अमुक', म्हणजे अमुकची बायको, किंवा 'बेवा अमुक', म्हणजे अमुकची विधवा, म्हणून येते, आणि तेही नवरा मेल्यावर शेत तिच्या नावे झाले तरच. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीची मतदार यादी तयार होत असताना सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण त्यांनी अमक्याची बायको किंवा अमक्याची आई एवढेच सांगितले होते. ज्या राज्यांत हे घडले त्यांत तेव्हाचा मध्य प्रदेशही होता, आणि नागपूर त्याची राजधानी होते. छापील कुलवृत्तांतांची स्थिती फारशी निराळी नाही. पुष्कळ कुलवृत्तांतांत मुलीचे माहेरचे नाव आणि सासरचे आडनाव एवढ्यावर तिची शाखा संपते. मी वाचकांना नेहमी सांगते, की पणजीचा शोध पणजीच्या माहेरच्या गावी घ्यावा. तिच्या भावाच्या घरातल्या लग्नाच्या याद्या, आहेराच्या वह्या, पत्रे यांत ती सासरच्या दप्तरापेक्षा लवकर भेटते.

कुलवृत्तांतांचा विषय निघाला आहे, म्हणून सांगते. मराठीत अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले आहेत, वाचनालयांत ते जपून ठेवलेले असतात आणि त्यांचा उपयोग मोठा आहे. परंतु त्यांतली मूळ पुरुषाविषयीची पहिली प्रकरणे थोड्या संशयाने वाचावीत; ती कोणत्या कागदावरून लिहिली, हे तिथे दिलेले असेल तरच ती पुढे न्यावीत. ज्या समाजांचे कुलवृत्तांत छापले गेले नाहीत, त्यांच्या वंशावळी कित्येकदा भाटांच्या पोथ्यांत आहेत, तसेच नाशिक, त्र्यंबक, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी स्वतः लिहून दिलेल्या नोंदी आहेत. उपाध्यायांकडेही पहिला प्रश्न आडनावाचा नसतो. ते आधी गाव विचारतात.

जुना कागद मोडीत असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही, पण घाईही करू नये. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि लिहिणाऱ्याच्या हातावर पुष्कळ अवलंबून असते. पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात आणि त्यांतून तयार झालेली माणसे नागपुरातही आहेत. तारखेचे कोष्टक वाचनालयात मिळते, तरी ढोबळ हिशेब असा, की शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो आणि महसुली कागदांतल्या फसली सनात ५९० मिळवावे लागतात. वर्षारंभ वेगवेगळा असल्यामुळे दोन्हींत एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. माझी विनंती एवढीच, की मोडी कागदाचे लिप्यंतर करून घेताना मूळ कागद कोणाच्या हवाली करू नये; चांगल्या उजेडात काढलेले छायाचित्र पुरते. आणि चिरलेल्या घडीवर चिकटपट्टी मुळीच लावू नये, कारण तिचा डिंक काही वर्षांत अक्षरेच खातो.

शेवटी येण्याच्या वेळेविषयी. संदर्भ विभागात दुपारच्या निवांत वेळी यावे, आणि येताना एका कागदावर आपल्यापासून मागे जाणारी माहिती असलेली नावे, प्रत्येकाचे गाव आणि अंदाजे काळ लिहून आणावा. माहीत नसलेली जागा कोरी सोडावी, ऐकीव माहिती असेल तर तसे लिहावे. जे जे सापडेल त्यापुढे वहीचे नाव, वर्ष, पान आणि ती कोणत्या कचेरीत पाहिली, याची नोंद तिथल्या तिथेच करावी. नक्कल मिळवण्यासाठी अर्ज याच तपशिलावर लिहावा लागतो, आणि तो नसला की पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो. काम पुरे झाले, असे वाटेल तेव्हा आपल्या तक्त्याची एक प्रत, जिवंत माणसांचे तपशील वगळून, आपल्या गावच्या वाचनालयात द्यावी. त्याच मौजातले दुसरे एखादे घर पुढच्या वर्षी त्याच टेबलाशी येणार असते.

नमस्कार.